कारखान्याचा चोथा

"ट्रॉली बांधाच्या आत येनार नाही," वन्सं म्हणाल्या आणि पदर खोचून खरोखरच ट्रॅक्टरपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

जनार्दननं कचकन ब्रेक मारला. मागं ट्रॉलीतून वाफा निघत होत्या. शिजवलेल्या धान्याचा गोडूस, आंबूस वास. सकाळचं वारं पडलेलं होतं, त्यामुळं तो वास जागच्या जागी दाटून राहिला होता.

"केसरकाकू, बाजूला व्हा हो," जनार्दन म्हणाला. "मला परत कारखान्यावर जायचंय."

"माझ्या अंगावरून घाल ट्रॅक्टर. पन ही घान माझ्या भावाच्या रानात पडू देनार नाही. हा वास मी वळखते. रोज संध्याकाळी हाच वास घेऊन घरी यायचा तो."

मी ट्रॅक्टरवरून खाली उतरले. "वन्सं, ही दारू नाही. दारूचा पत्ताही नसतो तेव्हाच हे बाजूला काढतात. बार्ली आहे, म्हणजे जव. भिजवले, शिजवले, त्यातलं गोड पाणी काढून घेतलं. उरला तो हा चोथा."

"आन् त्या गोड पान्याचं काय करतात?"

मी पायानं एक ढेकूळ फोडलं.

"बोल की."

"बिअर करतात."

"झालं तर मग." त्या जनार्दनकडं वळल्या. "वळव रे ट्रॅक्टर."

जनार्दननं माझ्याकडं पाहिलं. मी ट्रॉलीच्या मागं गेले, फळीची खीळ उपसली आणि फळी खाली पाडली. ओला चोथा भसकन रस्त्यावर आला. कोपऱ्यातली पाटी उचलली, हातानंच भरली, डोक्यावर घेतली आणि वन्संच्या शेजारून बांध ओलांडून आत गेले.

"ट्रॅक्टर अडवलात," मी म्हणाले. "आता मला अडवा."

त्यांनी मला अडवलं नाही. हात उचलायची त्यांची रीत नव्हती. पण दिवसभर त्या बांधावर बसून होत्या आणि मी दिवसभर पाट्या वाहत होते. कोमट पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं, माशा घोंगावत होत्या. संध्याकाळी घरी गेले तर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तीन दगड मांडून वन्संनी आपली चूल वेगळी केलेली होती.

"त्या रानातलं पानसुद्धा माझ्या तोंडात जानार नाही," एवढंच त्या बोलल्या.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण तेव्हा गावानं मला जे जे म्हटलं आणि का म्हटलं, ते कळायला त्याआधीचं थोडं सांगावं लागेल.

आमचं गाव बोरटाकळी. शहराबाहेर एमआयडीसी झाली तेव्हा गावाची निम्मी जमीन तिच्यात गेली आणि निम्मे पुरुष तिथल्या गेटांवर कामाला लागले. आमचे हे बिअरच्या कारखान्यात हमालीला होते. ठेकेदाराकडून. खोकी उचलायची, ट्रक भरायचा. कामाला लागले तेव्हा सुपारीचंही व्यसन नव्हतं त्यांना. काही वर्षांनी हात थरथरायला लागले, मग डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं. गेले तेव्हा चाळिशीही ओलांडली नव्हती.

केसरवन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. नवऱ्यानं टाकलेल्या, तेव्हापासून आमच्यातच. भावाला त्यांनी लहानपणी कडेवर वागवलेलं. तेराव्यानंतर त्या उठल्या त्या घरोघर फिरायला लागल्या. मी त्यांच्या मागं. बायका जमवल्या, अर्ज केला, गावात मतदान लावलं. त्या मतदानात कागदावर दोन बाटल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. बोरटाकळीच्या बायकांनी आडव्या बाटलीवर असे शिक्के मारले की उत्तमराव भालेकरांच्या बिअर शॉपीला त्याच महिन्यात कुलूप लागलं. वन्संना आणि मला लोकांनी हार घातले होते.

आणि त्याच मी, प्रयाग सोपान गवारे, त्याच कारखान्याचा चोथा डोक्यावर घेऊन रानात नेत होते. लोक बोलणार नाहीत तर काय करतील?

पण आमचं रान मेलं होतं. मी शेतीत होते म्हणून मला कळत होतं. खत टाकावं, पाणी द्यावं, पीक दोन महिने हिरवं दिसावं आणि मग वांग्याचं एकेक झाड मान टाकावं. मर लागायची. नांगरलं तर ढेकळं दगडासारखी निघायची. ढेकूळ फोडून वास घेतला तर वासच नाही.

कृषी विज्ञान केंद्रात निलोफर मॅडम होत्या. निलोफर पठाण. मातीतल्या सूक्ष्म जिवांवर त्यांचं शिक्षण झालेलं. गावात आल्या तेव्हा त्यांनी माझ्या रानातली आणि ओढ्याकाठच्या झाडीतली माती नेली. पुढच्या खेपेला काचेच्या दोन चपट्या बश्या घेऊन आल्या. झाडीतल्या मातीच्या बशीत पांढरे, पिवळे, गुलाबी ठिपके गर्दी करून उगवले होते, लग्नात अक्षता सांडाव्यात तसे. माझ्या मातीच्या बशीत इकडं एक, तिकडं एक.

"प्रयागताई, तुम्ही पिकाला खायला घालता," त्या म्हणाल्या. "पण पिकाला वाढून देणारे हे जीव उपाशी आहेत. त्यांना पालापाचोळा लागतो, शेण लागतं, कुजणारं काहीतरी लागतं. तुमच्या रानात इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी काही पडलेलंच नाही."

"शेण आणू कुठून? गावात जनावरं किती उरलीत?"

तेव्हा त्यांनी चोथ्याचं सांगितलं. कारखाना वाढला होता, चोथा भरपूर निघत होता. ताजा असेल तो म्हशीवाले नेत, पण उन्हात एक दिवस राहिला की आंबायचा आणि मग म्हशीही तोंड लावत नसत. उरलेल्याचं काय करायचं ही कारखान्यालाच अडचण होती.

"मात्र एक सांगते," त्या म्हणाल्या. "ओला, कच्चा रानात टाकू नका. कुजवा आधी."

मी ऐकलं नाही. घाई झाली होती मला. पहिल्या खेपेतला अर्धा चोथा मी तसाच एका पट्ट्यात पसरला आणि वर मिरचीची रोपं लावली. आठवड्यात त्या पट्ट्याला असा वास सुटला की रस्त्यानं जाणारे तोंड फिरवून जात. रोपं पिवळी पडून बसकण मारून बसली. उत्तमराव मुद्दाम मोटरसायकल थांबवून बघायचे.

"काय प्रयागबाई," एकदा मोठ्यानं म्हणाले, "मिरचीला चढली वाटतं!"

पारावरची माणसं हसली. त्या दिवसापासून माझं नाव पडलं, बिअरवाली.

निलोफर मॅडम आल्या तेव्हा रागावल्या नाहीत. मातीत हात घालून हुंगला आणि म्हणाल्या, "हवा कोंडली. हवेवाचून जगणारे जीव माजले आणि त्यांनी आंबट केलं सगळं. आता नीट करू."

मग आम्ही ढीग रचला. खाली तुरीच्या काड्या, त्यावर चोथा, त्यावर सोयाबीनचं भुसकट, मिळेल तेवढं शेण, पुन्हा चोथा. मुठीत दाबलं तर ओल जाणवावी पण पाणी गळू नये, एवढंच ओलं ठेवायचं. बचतगटातल्या बायका सुरुवातीला मदतीला होत्या, पण नाव पडल्यावर एकेक गळाली. ढीग उलथायला शेवटी मी एकटीच उरले. आत लोखंडी पहार खोचून ठेवायचे आणि काढून बघायचे, तर हात भाजेल एवढी गरम निघायची. आग न लावता आतून शिजत होता तो ढीग. मग हळूहळू निवत गेला. एका सकाळी फावडं घातलं तर आत पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं, आणि वास मातीचा. झाडीतल्या मातीचा. मी मूठभर घेऊन किती वेळ हुंगत उभी होते कोण जाणे.

ते खत मी अर्ध्या रानात घातलं. अर्धं तसंच ठेवलं, फरक कळावा म्हणून. निलोफर मॅडम म्हणाल्या, "अजून एक गंमत करा. सुती कापड दोन्हीकडं पुरून ठेवा. जिवंत माती सूत खाते. वांगी तोडणीला आली की उकरून बघा."

घरी सुती कापड म्हणजे एकच होतं, ट्रंकेत. यांचा लग्नातला पांढरा सदरा. मी तो मधोमध फाडला. एक अर्धा खताच्या पट्ट्यात पुरला, दुसरा उपाशी पट्ट्यात. वन्संना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं.

वांगी धरली. मर पुरती गेली नाही, ते खोटं सांगणार नाही. पण खताच्या पट्ट्यात क्वचित एखादं झाड मान टाकायचं आणि पलीकडं रांगाच्या रांगा झोपायच्या. पाणी दिलं तर इकडं मुरायचं, तिकडं वाहून जायचं. फावड्यागणिक गांडुळं निघत होती. पण बाजारात माझी पाटी तशीच राहायची. "बिअरची वांगी," बायका एकमेकींना सांगायच्या आणि पुढच्या पाटीकडं जायच्या. देवळातल्या भंडाऱ्याला मी भाजी पाठवली तर ती परत आली. देवाला चालत नाही म्हणे.

मी ती परत आलेली पाटी डोक्यावर घेऊन भर गावातून, पारासमोरून घरी नेली. खाली मान घालून नाही.

अशात एक दिवस बांधाजवळ कंपनीची पांढरी गाडी थांबली. देवस्थळी नावाचे साहेब उतरले. बोलायला गोड माणूस. रान बघितलं, वांगी हातात घेऊन बघितली.

"वा, बाई! आमच्या चोथ्याचं तुम्ही सोनं केलंत. कंपनीनं ठरवलंय, इथं एक शेड बांधून देऊ. खतासाठी यंत्र देऊ. ट्रॉली तुमच्या दारात येईल. फक्त इथं आमचा एक बोर्ड राहील, आणि तुमचा एक फोटो."

"अजून काय?"

ते हसले. "हुशार आहात. पुढच्या ग्रामसभेत उत्तमरावांचं दुकान पुन्हा उघडायचा ठराव येतोय. ना-हरकत हवीय. तुम्ही बाजूनं बोला असं मी म्हणत नाही. फक्त विरोध करू नका. तुम्ही गप्प बसलात की बाकीच्या बायका गप्प बसतील."

"ग्रामसभेला येते मी," मी म्हणाले. "जे बोलायचं ते तिथंच बोलेन."

त्यांना ते होकारासारखं वाटलं असावं. खुशीत निघून गेले. गावात गाडीची बातमी माझ्याआधी पोचली. वन्सं अंगणात भाकरी थापत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सोपान मेला तो एकदाच मेला असं मला वाटलं व्हतं."

मला उत्तर देता आलं असतं. मी दिलं नाही. घरात बोलून उपयोग नव्हता. जे बोलायचं ते गावासमोर बोलायचं होतं.

ग्रामसभेला शाळेचं पटांगण भरलं होतं. बायका एका अंगाला, वन्सं त्यांच्यात मधोमध. देवस्थळी साहेब पुढं खुर्चीवर. ग्रामसेवकानं ठराव वाचला आणि उत्तमराव उठले.

"मी फार बोलत नाही," ते म्हणाले. "ज्या बाईनं माझं दुकान बंद केलं, ती आज कारखान्याच्या मालावर शेती करती. तिला चालतं. मग गावाला का चालू नये? प्रयागबाईंनीच सांगावं. त्या हो म्हणल्या तर वादच मिटला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वन्सं तेवढ्या बघत नव्हत्या. मी उठले.

"उत्तमराव, मी कारखान्याचा माल घेत नाही. मी त्यांचा उकिरडा घेते. उकिरडा रानात टाकायचा असतो, म्हणून टाकते, आणि उद्याही टाकेन. मला बिअरवाली म्हणा, खुशाल म्हणा. पण बाटली हा त्यांचा माल आहे. तो मला नको आणि या गावाला नको. माझा ठरावाला विरोध आहे. लिहून घ्या."

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. देवस्थळी साहेब खुर्चीतून अर्धे उठले, माझ्या बाजूला वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, विचार करा. ठराव पडला तर उद्यापासून तुम्हाला ट्रॉली मिळणार नाही."

"साहेब, हे मोठ्यानं सांगा," मी म्हणाले. "मागच्या बायकांना ऐकू गेलं नाही."

ते लालबुंद झाले.

"नाही सांगत? मी सांगते. हे म्हणतात, दुकान उघडू दिलं नाही तर चोथा बंद. बंद करा साहेब. माझं रान चोथ्यावाचूनही जगेल. ठरावाच्या बाजूनं कोण आहे त्यांनी हात वर करा, आणि नीट वर करा, घरच्या बायका बघताहेत."

थोडे हात वर झाले. त्यातले काही बायकांच्या बाजूला बघून खाली आले. विरोधाचे हात मोजायची वेळच आली नाही. पहिला हात वन्संचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात गेले तर माझ्या मागून चपलांचा आवाज. वन्सं. चोथा आल्यापासून त्यांनी या रानात पाऊल टाकलं नव्हतं.

"कालचं मला आधी का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

"नाही," त्या म्हणाल्या. मग पदर खोचत, "दाखव काय दाखवायचंय ते."

वांगी तोडणीला आलीच होती. मी आधी उपाशी पट्ट्यात उकरलं. सदऱ्याचा अर्धा भाग निघाला, मळलेला, डागाळलेला, पण अख्खा. झटकून अंगात घालावा असा. वन्संनी तो ओळखला. त्यांचा हात तोंडाशी गेला.

"प्रयागे, हा लग्नातला..."

"थांबा."

खताच्या पट्ट्यात उकरलं. कापड नव्हतंच. शिवणीचा दोरा तेवढा निघाला, तो सुताचा नव्हता म्हणून, आणि त्या दोऱ्याला लोंबकळणारी दोन बटणं. बाकी भुसभुशीत काळी माती आणि वळवळणारं एक गांडूळ.

वन्संनी बटणं तळहातावर घेतली. मला वाटलं, आता मारतील.

"खाल्ला," त्या म्हणाल्या. "तुझ्या मातीनं माझ्या भावाचा सदरा खाल्ला."

"हो. आणि ही वांगी दिली. वन्सं, त्या कारखान्यानं तुमचा भाऊ खाल्ला, तेव्हा आपल्याला काय दिलं? त्यानं माझ्या घरातलं नेलंय. मला त्याच्याकडून काढून घ्यायचंय. मिळेल ते. चोथा तर चोथा."

त्या तिथंच उकिडव्या बसल्या. मग बोटांनी माती मोकळी करत, अगदी हळू, जणू एखाद्याचे केस विंचरावेत तशी, दोन्ही बटणं त्यांनी परत पुरली. जाताना चार वांगी तोडून ओच्यात घातली आणि घराकडं चालू लागल्या. त्या दिवशी घरी भरलं वांगं त्यांनीच केलं.

कंपनीनं शब्द पाळला. ट्रॉली बंद झाली. तयार खताचा एक ढीग माझ्याजवळ होता, तो मी उरलेल्या उपाशी पट्ट्यात घातला. पुढं भुसकट, काड्या, कोंबड्यांची विष्ठा, लग्नाच्या मांडवातली केळीची पानं, जे मिळेल ते गोळा केलं. आता बायका परत आल्या होत्या. वन्सं पुढं आणि त्या मागं. बाजारातही पाट्या हलायला लागल्या. एक बाई उघड म्हणाली, "वांगं कशावर का वाढेना, चव चांगली आहे."

पावसाळा आला आणि कारखान्याची पंचाईत झाली. हिरवा चारा झाला तसे म्हशीवाले चोथा घेईनात. कंपनीनं खड्डा खणून नाल्याकाठी तो टाकायला सुरुवात केली. पाऊस पडला, खड्डा भरला, चोथा नाल्यात उतरला. खालच्या गावांनी तक्रारी केल्या. वास तर एवढा की कंपनीच्या स्वतःच्या हापिसात खिडक्या उघडता येईनात.

देवस्थळी साहेब पुन्हा आले. या वेळी गाडी लांब थांबवून चिखलातून चालत आले.

"बाई, झालं गेलं विसरू. चोथा घेऊन जा. बोर्ड नको, फोटो नको. ट्रॉलीचा खर्च आमचा. जेवढ्या बायकांना हवाय तेवढा घ्या."

वन्सं माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी म्हणाले, "घेतो. पण माझी अट आहे."

"बोला."

इथं मला ती गोष्ट सांगायला हवी, जी तोवर मी कुणालाच सांगितली नव्हती. वन्संनाही नाही. चोथा आणायला मी जनार्दनबरोबर ट्रॉलीत बसून जात असे. हे गेल्यावर एकदा मी त्या गेटवर गेले होते, विचारायला, की माझ्या माणसाला ही सवय लागली कुठं. वॉचमननं मला आत सोडलं नव्हतं. ट्रॉलीत बसून गेले तेव्हा कुणी विचारलंही नाही. पहिल्या खेपेला गेले ती मातीसाठीच. पण दुसऱ्या खेपेला आम्हाला उशीर झाला आणि मी माल भरायच्या जागी पाळी सुटताना पाहिली. हमाल रांगेत उभे होते. मुकादम फुटक्या खोक्यातल्या, गळक्या झाकणांच्या बाटल्या एकेकाच्या हातात देत होता. जास्तीच्या कामाचा मोबदला. पैशाऐवजी. कुणी तिथंच तोंडाला लावत होता, कुणी डब्याच्या पिशवीत घालत होता. एकजण नको म्हणाला तर मुकादम म्हणाला, "मग रिकाम्या हातानं जा. दुसरं काही मिळणार नाही."

आमचे हे रोज संध्याकाळी तो वास घेऊन घरी यायचे, ते दुकानातून नाही. आमचं लक्ष गावातल्या दुकानावर होतं. त्यांना शिकवलं होतं गेटच्या आत.

तेव्हाच बोलले असते तर गेट माझ्यासाठी बंद झालं असतं, आणि एका बाईचं ऐकतो कोण? मी वाट बघत राहिले, त्यांना माझी गरज पडेपर्यंत.

मी हे सगळं देवस्थळी साहेबांना तिथंच, चिखलात उभ्या उभ्या सांगितलं. वन्संच्या चेहऱ्याकडं मला बघवलं नाही.

"तो कंपनीचा नियम नाही, बाई," साहेब म्हणाले. "मुकादमांची आपापली पद्धत असते..."

"पद्धत बंद करा. जास्तीच्या कामाचे पैसे द्या, हातात. एकाही हमालाला बाटली मिळता कामा नये. ज्या दिवशी एक जरी दिसली, त्या दिवशी तुमचा चोथा तुमच्या दारात. आणि मी का परत पाठवला ते नाल्याकाठच्या सगळ्या गावांना सांगेन."

"आणि पाळी सुटताना कोण बघणार?"

"आमी," वन्सं म्हणाल्या. "आमी हुबं राहू गेटवर."

साहेब तेव्हा हो म्हणाले नाहीत. वरच्यांना विचारतो म्हणाले. मग दोन दिवस उघडीप पडली, ऊन तापलं, आणि नाल्याकाठचा वास पार हायवेपर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी जनार्दन निरोप घेऊन आला, साहेबांनी ट्रॉली भरायला बोलावलंय आणि संध्याकाळी तुम्हालाही गेटवर बोलावलंय.

आम्ही दोघी गेलो. वॉचमन नवा होता, त्यानं स्टूल आणून दिलं, पण वन्सं बसल्या नाहीत. भोंगा झाला. माणसं बाहेर यायला लागली, घामेजलेली, खांद्यावर टॉवेल, हातात डब्याच्या पिशव्या. आम्हाला बघून काहींनी मान फिरवली. एकजण तोंडातल्या तोंडात शिवी देऊन गेला. त्याचं नुकसानच झालं होतं, त्याच्या दृष्टीनं.

मग एक हमाल आला. उंच, किडकिडीत, पन्नाशीकडं झुकलेला. वन्संसमोर थांबला आणि कुणी सांगितलं नसताना त्यानं पिशवी उघडून दाखवली. आत रिकामा डबा आणि एक कांदा.

वन्संनी पिशवीत पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्याकडं.

"कुनाचा रे तू?"

"वडगावचा, आक्का. भिकाजी मोरेंचा."

"घरी कोन आहे?"

"बायको आहे. बहीण आहे थोरली."

वन्संनी त्याच्या पिशवीचं तोंड आपल्या हातानं नीट बंद केलं.

"मग सरळ घरी जा," त्या म्हणाल्या. "वाट बघत आसंल ती."